शास्त्रीय चर्चा : स्पर्शावांचून बंधन

पृथ्वीवर लहानसा सूर्य पेटवूं पाहणारे शास्त्रज्ञ तो ठेवतात तरी कशांत, असा प्रश्न कॉलेजांत जाणाऱ्या एका वाचकानें आम्हांस केला आहे. त्यास हा विषय पुढें घ्यावयाचा आहे. पण ‘सत्तर वर्षें ज्यांत यश नाहीं त्यांत कां पडावें?’ असें घरचीं वडील माणसें म्हणतात.

येथें गोदातीरीं ज्यास नित्य अर्घ्य देतात, त्या सूर्याच्या गाभ्याचें उष्णतामान सुमारें दीड कोटि अंश. तेथें हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिळून हेलियम होतो व शक्ति प्रकटते. सूर्यास स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाचा दाब आहे. माणसाजवळ तो नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंत सुमारें पंधरा कोटि अंश लागतात. असा वायु भिंतीस लागला कीं भिंत पोळते आणि वायु निवतो. सबब त्याचें पात्र चुंबकीय शक्तीचें करितात.

एवढ्या उष्णतेंत अणूंतील इलेक्ट्रॉन मोकळे होतात. चुंबकीय क्षेत्र अशा धांवत्या कणास थांबवीत नाहीं कीं त्याचा वेग घटवीत नाहीं; केवळ क्षणोक्षणीं बाजूस वळवितें. घाण्याच्या बैलाप्रमाणें तो चुंबकीय रेषेभोंवतीं फिरत राहतो. मोठ्या यंत्रांत इलेक्ट्रॉनचें हें वर्तुळ जेमतेम केसाच्या जाडीच्या सुमाराचें असतें. परंतु रेषेच्या दिशेनें तो मोकळाच; दोऱ्यांत ओंवलेला मणी बाजूस जात नाहीं, पण टोंकाकडून निसटतो, तसा. यास्तव टोंकें जोडून माळ करावी लागते. सखारोव्ह व ताम या रशियन शास्त्रज्ञांनीं १९५० च्या सुमारास कल्पिलेलें कंकणाकृति यंत्र, टोकामाक, तें हेंच.

तथापि माळेनें भागत नाहीं. कंकणाच्या आंतल्या बाजूस क्षेत्र प्रबळ, बाहेरच्या बाजूस दुर्बळ. त्यामुळें इलेक्ट्रॉन एकीकडे व अणुगर्भ दुसरीकडे सरकतात, आणि त्या दुहीनें सारा वायु बाहेर लोटला जातो. मग वायूंतूनच वीज वाहवून रेषांस सुंभाच्या दोरीसारखा पीळ देतात. त्या पिळाबरोबर कण आळीपाळीनें वर व खालीं जातो आणि त्याचें सरकणें भरून निघतें.

मुंबईंत जन्मलेल्या डॉ. होमी भाभा यांनीं १९५५ सालीं जिनीव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून, ही शक्ति वीस वर्षांत ताब्यांत येईल, असें भाकीत केलें होतें. गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेंत ‘आदित्य’ हा स्वदेशी टोकामाक १९८९ मध्यें सुरू झाला. इंग्लंडांतील जेट यंत्रानें २०२३ सालीं सुमारें पांच सेकंदांत ६९ मेगाज्यूल शक्ति दिली; वीजबिलाच्या हिशेबानें सुमारें १९ युनिटें. वायु तापविण्यास मात्र त्याहून अधिक वेंचलीं!

तेव्हां वडील माणसांचा हिशेब खोटा नाहीं. पण पेटविणें साधलें आहे, राखणें साधावयाचें आहे. आणि ज्या विद्येंत काम उरलें आहे, तीच तरुणानें घेण्याजोगी. त्यांनीं मुलास अडवूं नये, असें आमचें नम्र मत आहे.