शस्त्र कोणाच्या हाती?

वंशपरंपरेने पडणारे टक्कल जिवावर बेतत नाही; पण लग्नाच्या वयातील तरुणाला त्याचे दुःख लहान वाटत नाही. त्या दुःखावर आज मोठा बाजार उभा आहे. रक्तदाबावरील औषध असलेले मिनॉक्सिडिल १९८८ साली अमेरिकेत डोक्याला लावण्यास मान्य झाले. फिनास्टराइडची गोळी १९९७ साली आली. दोन्हींनी गळती बरीच आवरते. मात्र औषध सोडले की ती पुन्हा सुरू होते. केशरोपणात मागचे केस पुढे लावतात. नवा केस निर्माण होत नाही आणि उरलेल्यांची गळतीही थांबत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही औषध बहुधा सुटत नाही. जाहिराती हे सांगत नाहीत.

भूल देऊन तासन् तास चालणारी ही शस्त्रक्रिया आहे, केशभूषा नव्हे. केवळ कार्यशाळेत वा यूट्यूबवर पाहून ती शिकता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावले. हा इशारा कागदावर राहता कामा नये. गोवा सरकारने अशा केंद्रांची तपासणी करावी आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव व पात्रता दर्शनी भागी लावणे सक्तीचे करावे. केसांपायी कोणाचा जीव जाणे सुबुद्ध राज्याला शोभणारे नाही.