सात-बारावर नसलेली रेषा

पावसाळा लागला की सांगलीत माणसे एकमेकांना ‘काय, बरं आहे ना?’ असे विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती?’ असे विचारतात. १९२९ साली बांधून झालेल्या या पुलावरचे फुटांचे आकडे हे या गावाचे थर्मामीटर आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. कितव्या फुटाला पाणी आपल्या बोळाच्या तोंडाशी येते, कितव्याला उंबऱ्याला लागते आणि गव्हाचे पोते माळ्यावर कधी चढवायचे, हे घरातल्या बाईला पाठ असते. त्यासाठी तिला कोणत्याही खात्याचे परिपत्रक वाचावे लागत नाही.

पण याच गावात आणखी एक रेषा आहे. ती पुलावर रंगवलेली नाही, जमिनीवर फारशी कुठे आखलेली दिसत नाही आणि सात-बाराच्या उताऱ्यावर तर नाहीच. तरीही आपल्या प्लॉटवर घर बांधता येईल की नाही, आणि बांधले तर किती उंचीवर, हे तीच ठरवते. ती म्हणजे पूररेषा. निळी आणि लाल अशा या दोन रेषा जलसंपदा खाते ठरवते आणि नगररचना खाते विकास आराखड्यावर उतरवते. घर घेणाऱ्याला त्यांचा पत्ता लागतो तो बहुधा बयाणा देऊन झाल्यावर.

या रेषा काही काल-परवाच्या नव्हेत. त्या वेळच्या पाटबंधारे खात्याने १९८९ सालीच परिपत्रक काढून नदीकाठची जमीन अशी विभागायला सांगितली होती. ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी पोचते ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पोचते ती लाल. आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द मोठे फसवे आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. सांगलीत २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्याही वर चढले. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा ५४ ओलांडून गेले. नदीला पंचांग कळत नाही.

व्याजाचे हिशेब करण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट आकड्यांत मांडायची खोड आहे. पंचवीस वर्षांतला पूर म्हणजे दर वर्षी शेकडा चार अशी शक्यता. घराचे कर्ज साधारणपणे वीस वर्षांचे असते. निळ्या रेषेवर घर घेतले तर कर्ज फिटायच्या आत एकदा तरी पाणी तिथे पोचण्याची शक्यता शेकडा ५६ निघते. म्हणजे नाणेफेकीपेक्षाही वाईट. लाल रेषेवर ती शेकडा १८ आहे. शेकडा १८ बुडीत निघेल असे कर्ज कोणता शाखाधिकारी मंजूर करील? पण हेच गणित उलट बाजूने, म्हणजे कर्जदाराच्या बाजूने, कोणी त्याला करून दाखवत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक शहरांसाठी बांधकामाची एकच नियमावली आली. तिच्यानुसार नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. तिथे बाग, मोकळे मैदान, वाहनतळ, उघडा भाजीबाजार असली कामे चालतात. निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर.

नियम वाईट नाही. पण उंची गाठायची कशी? खांबांवर घर उभे केले तर खालून पाणी वाहून जाते. ते खर्चिक. स्वस्तातला उपाय म्हणजे मुरुमाचे ट्रक. एकाने चार फूट भराव टाकला की शेजारचे तीस वर्षांचे बैठे घर आपोआप खड्ड्यात जाते. पाणी काही नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याकडे राहायला जाते. वरच्या मजल्यावरचे कुटुंब कायद्याप्रमाणे सुरक्षित, आणि ज्याने कोणताच नियम मोडला नाही तो म्हातारा पाण्यात! नियमावली एकेका प्लॉटपुरता विचार करते. पूर प्लॉट पाहून येत नाही.

आणि ज्यांच्यापर्यंत ही नियमावली कधी पोचलीच नाही, त्यांचे काय? सांगली-मिरजेत गुंठेवारी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायला नको. शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठे पाडून विकायचे, शंभराच्या स्टँपवर लिहून द्यायचे, रस्ता-गटाराचे नंतर बघू. मार्केट यार्डातले हमाल, रिक्षावाले, शाळेतले शिपाई, निवृत्तीचे पैसे हातात आलेले कारकून, सगळ्यांची घरे अशीच झाली. जमीन स्वस्त मिळाली, कारण ती सखल होती. सखल का होती हे नदीला ठाऊक होते. २००१ साली सरकारने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कायदेशीर झाले याचा आनंदच आहे. मात्र एक हात पूररेषा आखतो आणि दुसरा हात त्याच गावात नियमिततेचे दाखले वाटतो, तेव्हा दोघांनी एक नकाशा समोर ठेवून बसायला काय हरकत आहे?

मी कर्ज विभागात होतो तेव्हा असा एक अर्जदार टेबलासमोर आला होता. फाईल चोख. उतारा, बिगरशेतीचा हुकूम, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकनाचा दाखला. बोजा नाही, वाद नाही. अर्जात घराच्या भिंती किती इंची हे लिहायला रकाना होता. पाणी कुठवर येते हे लिहायला नव्हता. मी मुद्दाम तोंडी विचारले. गृहस्थ हसून म्हणाले, “सायेब, पाणी समद्यांच्याच दारात येतंय. आमच्या एकट्याच्या न्हाय.” त्या उत्तरात जी समजूत आहे, ती अडाणीपणाची नाही. ज्याला निवड करायला दुसरी जागाच परवडत नाही, त्याचे ते शहाणपण आहे.

आता जरा नदीच्या वरच्या अंगाला जाऊ. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाई ओलांडून येते, माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, आणि सांगली ओलांडल्याबरोबर हरिपूरला वारणा. वारणा तुडुंब असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते आणि सांगलीत बसते. म्हणजे सांगलीचा पूर हा सातारा जिल्ह्याच्या डोंगरात सुरू होतो. तिथे कायदे वेगळे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधायला राज्यभर बंदी आहे.

साताऱ्याकडची माणसे या कायद्यांवर वैतागलेली असतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पिढ्यान् पिढ्या डोंगरात राहिलेल्या शेतकऱ्याला मुलाच्या लग्नासाठी दोन खोल्या वाढवायच्या तर दहा कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. समोरच्या टेकडीवर मात्र बाहेरून आलेल्याचा बंगला जलतरण तलावासकट उभा राहतो. कायदा दोघांना एकच, पण कचेरीत जाण्याची गाडी वेगवेगळी. त्यातच आता नवे महाबळेश्वर येऊ घातले आहे. त्यासाठी जिल्ह्यातली २३५ गावे राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली देण्यात आली. तिथे रोजगार यावा, तरुण मुंबईला माथाडी म्हणून जायचे थांबावेत, याला कोण नाही म्हणेल? पण डोंगर कापला की माती सुटते, झाड गेले की पाणी थांबत नाही, आणि ते सगळे खाली कोणाकडे येते याचा रकाना त्या आराखड्यात असला पाहिजे. सातारचा आराखडा सातारला होतो, सांगलीचा सांगलीला. नदी मात्र एकच आहे.

सांडपाण्याबद्दल फार लिहीत नाही, सांगलीकरांना शेरीनाला हे दोन शब्द पुरेत. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ साली, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी केला. या अभिमानाच्या गोष्टीचा शेरीनाल्याला थांगपत्ता नाही. नदीकाठच्या कारखान्यांना अंतराचे बंधन घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण २००० साली आले, २००९ साली सुधारले आणि २०१५ साली रद्द झाले. इतर कायदे पुरेसे आहेत, असे तेव्हा सांगण्यात आले. असो.

२०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्यानंतर दरवेळेप्रमाणे सगळ्यांच्या तोंडी अलमट्टीचे नाव आले. धरणांतला विसर्ग केव्हा आणि किती करावा, याबाबत दोन राज्यांचा मेळ हवा, यात शंका नाही. पण त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने मुख्य दोष अलमट्टीला दिला नाही. अफाट पावसाबरोबर नदीपात्रातल्या आणि काठावरच्या अतिक्रमणांकडेही तिने बोट दाखवले. आपल्याला अलमट्टी सोयीची पडते. ती दूर आहे आणि दुसऱ्या राज्यात आहे. ओत बुजवून पाडलेले प्लॉट आपल्याच गावात आहेत, आणि ते विकणारे आपल्याच ओळखीचे.

गावभागासारख्या जुन्या वस्तीचा प्रश्न निराळा. पूररेषा आखण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे लोक राहतात. त्यांना एके दिवशी ‘तुम्ही निषिद्ध पट्ट्यात’ म्हणून सांगायचे, घराची किंमत निम्म्यावर आणायची आणि मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्काचा कागद द्यायचा, हा न्याय नव्हे. पुण्या-मुंबईत त्या कागदाला बाजार आहे. सांगलीत तो घेणार कोण? अशा घरांना खांबांवर पुनर्बांधणीसाठी स्वस्त दराचे कर्ज आणि रोख अनुदान मिळाले पाहिजे. कायद्याचा खर्च सगळ्या शहराने उचलायचा, की नदीशेजारी जन्मल्याचा दंड म्हणून त्या चार आळ्यांनी?

नव्याने घर घेणाऱ्यासाठी माझे म्हणणे साधे आहे. जमिनीवर सोसायटीचे कर्ज असले तर त्याचा बोजा सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढतो, आणि तो पाहिल्याशिवाय कोणी व्यवहार करत नाही. नदीचाही त्या जमिनीवर बोजाच आहे, आणि तो कधी फिटत नाही. त्याची नोंद तिथेच व्हावी. खरेदीखतात एक ओळ असावी आणि बँकेच्या अर्जात एक रकाना. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरे.

तो निघेपर्यंत आपले आपण पाहावे. आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते, आणि ती मुदत संपल्यावरच बहुतेकांना आराखडा आल्याचे कळते. पण मंजूर नकाशा एरवीही पाहता येतो. बयाण्याचे पाकीट खिशातून काढण्याआधी नगररचना विभागात जावे, गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे नंबर सांगावा आणि झोन दाखल्याबरोबर पूररेषेचा नकाशाही मागावा. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असे उत्तर मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याची फी दहा रुपये आहे.