परतीच्या शिक्षणाला वयाची अट

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पुंजी जमवून आणि शाहू महाराजांच्या मदतीने ते १९२० मध्ये परतले, तेव्हा वय होते २९. त्याच महाराजांच्या नावाच्या, अनुसूचित जातींसाठीच्या राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीत पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५ आणि पीएच.डी.साठी ४० वर्षांची मर्यादा आहे. मोहोळसारख्या तालुक्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधराला आधी नोकरी, घरचे कर्ज, भावंडांचे शिक्षण निभवावे लागते. उसंत मिळेतो चाळिशी उलटते. विलंबाचे कारणच गरिबी असेल, तर गरिबांसाठीच्या योजनेने त्याची शिक्षा का द्यावी?