श्रमदान म्हणजे सरकारला सुट्टी नव्हे

तालुक्याच्या गावात रविवारी वीस-पंचवीस माणसे नदीकाठ साफ करायला जमली की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "घरपट्टी भरतो ना आपण? मग हे काम नगर परिषदेचं." त्यामागोमाग दुसरे येते, "फोटोपुरतं आहे सगळं, महिन्याभरात थंड पडेल." आणि जगाची खबर ठेवणारा कुणी असेल तर तो म्हणतो, "अख्ख्या पृथ्वीचं हवामान बदलतंय, तिथं या टीचभर गावाने प्लास्टिक वेचून काय होणार?" ही माणसे आळशी आहेत, असे म्हणून त्यांना उडवून लावणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांच्या बोलण्यामागे अनुभव आहे. त्यातून ते जो निष्कर्ष काढतात, तो मात्र साफ चुकीचा आहे.

फोटोचाच आक्षेप आधी घेऊ. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी असे आकडे चढत गेले. त्यातली किती जगली, हा वाद विधिमंडळापर्यंत पोहोचला आणि चौकशीसाठी समिती नेमावी लागली. जुलैत रोप लावणारे हात मे महिन्यात पाणी घालायला येत नाहीत, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. इथवर आक्षेप घेणाऱ्यांचे बरोबरच आहे. पण एका दिवसाच्या मोहिमेवरून वर्षानुवर्षांच्या कामाला मोजायचे, हा कुठला न्याय?

वर्षानुवर्षांचे काम कसे असते ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पाहावे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येत, वाळूत शंभरच्या आसपास अंडी घालून परत जात. ती अंडी माणसेच उकरून नेत, उरलेल्यांवर कोल्ह्याकुत्र्यांचा डल्ला. संस्थेने गावातलीच माणसे बरोबर घेतली. विणीच्या हंगामात रोज पहाटे किनारा चालायचा, मादीचा माग काढून घरटे शोधायचे, अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येण्याची वेळ झाली की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची, ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची आणि पिल्ले समुद्राकडे सोडायची. या कामात एका दिवसाचा नागा झाला तरी त्याची किंमत पिल्लांना मोजावी लागते.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि त्याचे पैसे त्या घरात राहतात. पुढे या कामात वनखाते आले, अंडी राखणाऱ्या गावकऱ्यांची 'कासवमित्र' ही किनाऱ्यावरची ओळख झाली आणि हीच पद्धत कोकणातल्या इतर किनाऱ्यांवर पोहोचली. उत्साह ओसरतो, हे खरेच. वेळासला काम टिकले ते रोजचे काम नेमक्या माणसांकडे सोपवले गेले आणि कासव जगण्यात गावाचा रोकडा फायदा दिसू लागला म्हणून.

आता घरपट्टीवाला आक्षेप. तो सगळ्यांत वजनदार आहे. लोकांनी फुकट राबायचे आणि सरकारने हात झटकायचे, असे घडू शकते आणि घडतेही. त्याचे उत्तरही चिपळूणच देते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात हे शहर बुडाले. घराघरांतला, दुकानांतला चिखल काढायला ठिकठिकाणाहून स्वयंसेवक आले. पण वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पात्रातला गाळ काही घमेल्या-फावड्याने निघणारा नव्हता; ते सरकारचेच काम होते. तेव्हा नागरिकांनी चिपळूण बचाव समिती उभी केली, साखळी उपोषण केले, गाळ उपसण्याची मागणी लावून धरली. त्यानंतर जलसंपदा खात्याची यंत्रे पात्रात उतरली, 'नाम फाउंडेशन' ही संस्थाही मदतीला आली. एकत्र येऊन राबण्याची सवय असलेले शहरच असे एकत्र येऊन जाब विचारू शकते. स्वयंसेवेने सरकारला मोकळीक मिळते म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

आणि कर भरला की जबाबदारी संपते, हे तर कायद्यालाच मान्य नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करण्याचे कर्तव्य तो निर्माण करणाऱ्यावरच टाकले. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात ते प्रत्यक्षात आले. नगर परिषदेचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घरापासूनच कचऱ्याचे वर्गीकरण सुरू झाले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होऊ लागला आणि जिथे कचऱ्याचे ढीग होते, ती जागा लोकांनी पाहायला यावी अशी झाली. अधिकारी कर्तबगार होते, यात शंकाच नाही. पण भाजीची देठे आणि दुधाची पिशवी कुठल्याही मुख्याधिकाऱ्याला घरोघर जाऊन वेगळी करता येत नाही. ते काम रोज ओट्याशी उभे राहून घरच्यांनीच केले. नगर परिषद की नागरिक, हा झगडाच वेंगुर्ल्याने निकालात काढला.

राहिला 'टीचभर गावाने काय होणार' हा प्रश्न. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावलेली एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचे कासव पश्चिम किनाऱ्यावरही विणीला येते, ही मोलाची माहिती शास्त्रज्ञांना मिळाली ती कोकणातल्या एका लहानशा गावाच्या वाळूत. तिथे देखरेख ठेवणारी माणसे नसती, तर कासवीण आली तशी निघून गेली असती आणि त्या क्रमांकाला काही अर्थ उरला नसता.

तेव्हा टीका जरूर करावी, पण ती कामाच्या जागी करावी. आपल्या गावात यंदा वृक्षारोपण असेल तर उद्घाटनाला कोण येणार हे विचारू नका. मे महिन्यात टँकर कोण आणणार, कुठल्या गल्लीतली रोपे कुणाच्या नावावर आहेत आणि गेल्या वर्षीची किती जगली, हे तिथेच सगळ्यांसमोर विचारा. उत्तर मिळाले नाही, तर एका गल्लीची यादी स्वतःच्या नावावर लिहून घ्या आणि पाण्याच्या सोयीसाठी नगर परिषदेकडे लेखी अर्ज द्या.