विश्लेषण : मांजराचे पाणी आधी कुणाला? डोकी मोजून उत्तर मिळते का?

मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील धनेगावला. पण त्याचे पाणी अंबाजोगाईलाही हवे, केज-कळंबलाही आणि लातूरलाही. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती, अंबाजोगाईची पाऊण लाखाच्या आसपास. मग साठा आटला की जास्त लोकांची तहान आधी, असे म्हणायचे का?

असे म्हणणारे नकळत उपयुक्ततावादाचा आधार घेतात. कृतीची किंमत तिच्यातून निघणाऱ्या सुखदुःखावर ठरवावी, हे जेरेमी बेंथाम यांनी १७८९ मध्ये मांडले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त (प्रकाशन १९१५) या मताचा समाचार घेतला. संख्याच पाहायची तर ११ अक्षौहिणींचे कौरव न्यायी आणि ७ अक्षौहिणींचे पांडव अन्यायी ठरतील, हा त्यांचा टोला. दुसरे उदाहरण अमेरिकेतले. लाच देऊन ट्रामची परवानगी लवकर मिळवली, शहराची सोय झाली, तरी लाच देणारा दोषीच ठरला.

टोला बिनतोड आहे. पण मांजराच्या बाबतीत बेंथामचा हिशेबही लोक अर्धाच मांडतात. पहिल्या घागरीने तहान भागते, दहावीने अंगण धुतले जाते. दोन्हींचे सुख सारखे नाही. म्हणजे एकूण सुख वाढवायचे असेल, तर पहिली घागर प्रत्येक घरात पोहोचली पाहिजे, गाव लहान असो की मोठे. सुखासुखात दर्जाचा फरक असतो, हे पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांनीही सांगितले.

राहिला ऊस. इतर पिकांच्या भावाचा भरवसा नसताना शेतकरी ऊस लावतो, यात त्याचा स्वार्थ आहे, पण गुन्हा नाही. तरीही राज्याच्या जलनीतीत पहिला क्रम पिण्याच्या पाण्याचाच आहे. आणि धरणच आटले तर ऊसही जातो. २०१६ मध्ये मांजरा कोरडे पडले, तेव्हा लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते, म्हणजे माणशी दीड लिटरही नाही.

म्हणूनच आरक्षण ठरवताना कोणत्या शहराला किती दशलक्ष घनमीटर एवढेच सांगून भागणार नाही. प्रत्येक गावात माणशी किती लिटर पोहोचणार, तो आकडाही त्याच दिवशी जाहीर झाला पाहिजे.