रंग फाटकाचा, तडे खांबांना

रविवारची सकाळ. सोसायटीची सभा. पहिला विषय इमारतीच्या खांबांना गेलेल्या तड्यांचा. सेक्रेटरी दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा वाचतात. क्षणभर शांतता पसरते. 'पुढच्या सभेत बघू,' कोणीतरी म्हणते आणि पाच मिनिटांत विषय संपतो. दुसरा विषय फाटकाला रंग कोणता द्यायचा, हा. आता मात्र प्रत्येकाला कंठ फुटतो. हिरवा की करडा, यावर दोन तास आणि चहाच्या दोन फेऱ्या खर्ची पडतात. मंडळी दमून घरी जातात. बरेच काम केल्याच्या समाधानात.

हे काही भारतातच घडते असे नाही. ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ सालच्या 'पार्किन्सन्स लॉ' या पुस्तकात अशीच एक काल्पनिक बैठक रंगवली आहे. तिथे अणुभट्टीला अडीच मिनिटांत मंजुरी मिळते. सायकलींच्या शेडवर मात्र पाऊण तास आणि कॉफीच्या खर्चावर सव्वा तास खल होतो. अणुभट्टी बहुतेकांना कळतच नाही. ज्यांना कळते, ते समजावण्याच्या खटपटीत पडत नाहीत. शेड आणि कॉफी सर्वांनाच कळते!

सोसायटीत अज्ञानाच्या जोडीला भीतीही असते. तडे म्हणजे खर्च, जबाबदारी आणि कदाचित घर रिकामे करण्याची वेळ. रंग चुकला तर कोणाचे काय बिघडते? घरातही हेच होते. छातीत दुखते म्हणून डॉक्टरांकडे जायचे असते आणि त्याच दिवशी माळा आवरायला निघतो. माळा लख्ख होतो, दुखणे तसेच राहते.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. हे काम मतांचे नाही, इंजिनीअरचे आहे. सभेने एवढेच ठरवावे : तपासणी कोण करून घेणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि पैसे कुठून येणार. ते इतिवृत्तात लिहून झाल्यावरच फाटकाकडे वळावे.

फाटकाचा रंग वर्षभर थांबू शकतो. खांब थांबेलच, याची खात्री कोण देणार?