आधी घरं, मग रस्ता, शेवटी पाणी: हे किती दिवस चालायचं?

मंडळी, आपल्या गावाच्या चारी वाटांना जरा फिरून या. काल ऊस होता तिथे आज चुन्याच्या रेघा आणि 'सुवर्णसंधी'चे फलक. रस्ता कुठून जाणार, गटार कुठे पडणार, शाळेला जागा कुठली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आधी वस्ती तर होऊ द्या, सुविधा मागून येतील."

येत नाहीत! पुण्याकडे बघा. २०१७ साली ११ गावं महापालिकेत घेतली, २०२१ ला आणखी २३. नांदेड, किरकटवाडी त्यातलीच. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची साथ आली, तेव्हा बरेच रुग्ण याच सिंहगड रोड पट्ट्यातले निघाले आणि बोट गेलं दूषित पाण्याकडे. फुरसुंगी, उरुळी देवाची तर आत घेतली आणि परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. माणसं तिथंच, पाटी तेवढी बदलली.

आता गुंठेवारी. नियमित करण्याचा कायदा २००१ चा. तेव्हाची मुदत १ जानेवारी २००१. पुढे ती ओढत ३१ डिसेंबर २०२० वर नेली. म्हणजे नियमाने एनए करणारा येडा ठरला! आणि दंड कोण भरतो? प्लॉट पाडून पैसे घेऊन गेलेला नाही, तर आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या बांधणारा.

"आरक्षण टाकलं की शेतकरी मरतो" असं पुढारी सांगतात. मग नगररचना योजना का नको? सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, शाळा, बागेचा वाटा काढायचा आणि रस्त्याला लागलेला नीट प्लॉट मूळ मालकालाच परत द्यायचा. मुंबई प्रांतात याचा कायदा १९१५ सालीच झाला. अहमदाबाद याच वाटेनं वाढलं. आपल्या १९६६ च्या कायद्यातही ही सोय आहे. नाही ती फक्त इच्छा. कारण नकाशा आधी जाहीर झाला, तर रस्ता कुठून जाणार हे सगळ्यांनाच कळतं. मग आतली खबर विकायची कुणाला?

म्हणून मागणी एकच. हद्दवाढीचे नारळ फोडण्याआधी हद्दीबाहेरच्या रस्त्यांचा, पाण्याचा, ओढ्यांचा नकाशा चौकात लावा. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला उद्याच विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.